एक देह, बावन्न माणसे : हास्यनटाच्या रूपांतराचा प्रश्न

एकच माणूस अनेक माणसे होऊ शकतो का, आणि झालाच तर त्याचे स्वतःचे म्हणून जे काही असते ते त्या वेळी कोठे राहते, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी आत्म्याच्या संदर्भात, ग्रीक विचारवंतांनी नीतीच्या संदर्भात आणि नाट्यशास्त्रकारांनी रसाच्या संदर्भात विचारलेला आहे. या तिन्ही बाजू एकाच ठिकाणी तपासता येतील अशी उदाहरणे थोडी आहेत, आणि त्यांपैकी एक छत्रपती संभाजीनगरने, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादने, महाराष्ट्राला दिले. डॉ. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) हे तेथील मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात अध्यापक आणि पुढे विभागप्रमुख होते. त्यांनी स्वतः लिहिलेले, स्वतः बसवलेले आणि एकट्याने सादर केलेले ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाटक १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची सुमारे तीन दशके महाराष्ट्रात आणि परदेशांतील मराठी मंडळांमध्ये होत राहिले. मराठवाड्यातल्या खेड्यातले एक कुटुंब लग्नासाठी विमानाने लंडनला निघते, एवढेच त्याचे कथानक; परंतु वडीलधारी, बायका, पोरे, रुसणारे, भांडणारे, पहिल्यांदाच विमान पाहणारे आणि विमानातले अशी सारी ५२ पात्रे एकच नट उभी करीत असे. गिनीज बुकात त्याची नोंद झाली आणि ‘वऱ्हाडकार’ ही उपाधी देशपांडे यांच्या नावाला कायमची चिकटली. विक्रम म्हणून या आकड्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. तो एक तात्त्विक प्रश्न आहे, या दृष्टीने मात्र त्याचा विचार फारसा झालेला नाही.

नाट्यशास्त्र अभिनयाचे चार प्रकार सांगते : शरीराच्या हालचालींनी होतो तो आंगिक, वाणीने होतो तो वाचिक, वेश, रंगभूषा आणि वस्तू यांनी होतो तो आहार्य, आणि मनाच्या एकाग्रतेमुळे अश्रू, कंप, घाम अशा रूपांनी प्रकट होतो तो सात्त्विक. गावोगाव फिरणाऱ्या बहुरूप्याची भिस्त प्रामुख्याने आहार्यावर असते, कारण पोलिसाचा वेश चढवल्यावाचून त्याला पोलीस होता येत नाही. देशपांडे यांनी आहार्य जवळजवळ सोडूनच दिले होते. खांद्यावरचे एक वस्त्र कधी पदर होई, कधी डोक्याला गुंडाळले जाई. बाकीचे सारे काम आवाजाची पट्टी, कमरेचा बाक, नजरेची दिशा आणि बोलण्याची लय यांच्यावर सोपवलेले असे. वेशाचा आडोसा नसल्यामुळे प्रेक्षकाला एकाच क्षणी दोन गोष्टी दिसत असत : समोर एक प्रौढ प्राध्यापक उभा आहे हे दिसे, आणि समोर एक म्हातारी फुरंगटून बसली आहे हेही तितक्याच स्पष्टपणे दिसे. नवव्या शतकातील काश्मिरी नैयायिक शंकुक यांनी नटाविषयीच्या अशा ज्ञानाला चित्रातल्या घोड्याची उपमा दिली होती. चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा आहे’ असे जे वाटते ते खरे ज्ञान नव्हे, खोटे नव्हे, संशय नव्हे, आणि ‘हा घोड्यासारखा आहे’ असे सादृश्याचे ज्ञानही नव्हे. ती या चारांहून निराळी प्रतीती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नेहमीच्या नाटकात ही प्रतीती स्थिर असते, कारण एका नटाला एक भूमिका असते आणि थोड्या वेळाने प्रेक्षक नटाला विसरतो. एकपात्री प्रयोगात त्याला नट विसरताच येत नाही, कारण त्याच देहातून पुढच्या क्षणी दुसरेच कोणी बोलू लागणार आहे हे त्याला ठाऊक असते.

प्लेटोला नेमकी हीच गोष्ट धोक्याची वाटली. ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात तो असे मांडतो की मनुष्यस्वभाव फार लहान तुकड्यांचा बनलेला असल्यामुळे एका माणसाला पुष्कळ गोष्टींची चांगली नक्कल करता येत नाही, शिवाय नक्कल बालपणापासून चालू राहिली तर ती शरीरात, आवाजात आणि विचारात मुरते व स्वभावच बनते, म्हणून जपून करावी. कोणतेही रूप घेऊ शकणारा आणि कशाचीही नक्कल करू शकणारा माणूस नगरात आला, तर त्याचा आदर करावा, त्याच्या मस्तकावर सुगंधी द्रव्य ओतावे, त्याला लोकरीची माळ घालावी आणि मग त्याला दुसऱ्या नगरात पाठवून द्यावे, असे तो सुचवतो. या सूचनेत अनादर मुळीच नाही. असा माणूस पवित्र आणि अद्भुत आहे हे प्लेटो मान्य करतो. पण प्रत्येकाने आपले एकच काम करावे या पायावर उभ्या केलेल्या नगरात अनेक माणसे होणाऱ्या माणसाला जागा नाही, हे त्याचे अनुमान तर्कशुद्ध आहे. त्याला उत्तर द्यायचे तर ‘नक्कल निरुपद्रवी असते’ एवढे म्हणून भागत नाही. अनेक होण्याने माणूस विस्कळीत होतो हे त्याचे गृहीतकच तपासावे लागते.

भारतीय परंपरेत नटाची उपमा उलट दिशेने वापरली गेली आहे. शंकराचार्य ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या दुसऱ्या अध्यायात कार्य हे कारणाहून वेगळे नसते असे सिद्ध करताना म्हणतात की मूळ कारणच शेवटच्या कार्यापर्यंत निरनिराळी रूपे घेऊन नटाप्रमाणे सर्व व्यवहारांचा विषय होते. सांख्यकारिकेत सूक्ष्म शरीर, म्हणजे एका जन्मातून दुसऱ्या जन्मात जाणारे बुद्धी-इंद्रियांचे संघटन, नटासारखे वेगवेगळ्या भूमिकांत वावरते असे सांगितले आहे. काश्मीरच्या शैव परंपरेतील शिवसूत्रांनी तर आत्म्यालाच नर्तक मानले, अंतरात्म्याला रंगभूमी मानले आणि इंद्रियांना प्रेक्षक मानले. या सर्व ठिकाणी नट हा अखंडतेचा दाखला आहे : तो अनेक होतो, म्हणूनच तो एक आहे हे कळते, ज्याला एकच रूप घेता येते त्याच्यात रूप कोणते आणि रूप घेणारा कोण हे वेगळे काढता येणार नाही. प्लेटोला अनेकत्वात फूट दिसते, वेदान्ताला त्याच अनेकत्वातून एकाची खूण पटते.

तरीही वेदान्ताचे उत्तर जसेच्या तसे हास्यनटाला लागू करणे घाईचे ठरेल. शंकराचार्यांच्या दृष्टान्तातील नटाला भूमिकेचा स्पर्श होत नाही. तो कितीही रूपे घेवो, त्याला थकवा येत नाही, त्याचा घसा बसत नाही आणि म्हाताऱ्या बाईचे बोलणे तीस वर्षे बोलून त्याच्या स्वतःच्या बोलण्यात काही उतरत नाही. प्रत्यक्षातला नट देहाने बांधलेला असतो. ज्या माणसांच्या लकबी त्याने उचलल्या ती माणसे त्याच्या स्नायूंत राहायला येतात, हे प्लेटोचे निरीक्षण खरे आहे. म्हणून दृष्टान्ताचा विचार करताना नटाच्या अलिप्ततेपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीकडे अधिक लक्ष द्यायला हवे, आणि ती म्हणजे दोन भूमिकांमधली फट.

एकपात्री प्रयोगात दोन पात्रांचा संवाद चालू असतो तेव्हा एकाचे वाक्य संपते आणि दुसऱ्याचे सुरू व्हायचे असते. त्या मधल्या अर्ध्या क्षणात मान वळते, खांदे बदलतात, श्वास घेतला जातो. त्या अर्ध्या क्षणात रंगमंचावर कोण असते? पहिले पात्र गेलेले असते, दुसरे आलेले नसते, आणि व्यवहारातला लक्ष्मण देशपांडेही तेथे नसतो, कारण तो परत आला तर प्रयोग कोसळेल. शैव साधनेच्या विज्ञानभैरव या ग्रंथात अशाच फटींवर ध्यान सांगितले आहे : आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास यांच्यामधली, एक विचार मावळून दुसरा उगवण्याआधीची जागा. त्या जागेत जाणीव असते, पण ती कोणत्याही आकाराला चिकटलेली नसते. साधकाला ही अवस्था कष्टाने धरावी लागते. नटाला ती कामाचा भाग म्हणून एका रात्रीत शेकडो वेळा ओलांडावी लागते. नट त्यामुळे योगी होतो असा दावा कोणी करू नये, कारण फट ओलांडणे वेगळे आणि फटीत थांबणे वेगळे. परंतु ५२ माणसे होऊनही माणूस विस्कळीत का होत नाही, याचे उत्तर या फटीत आहे. प्रत्येक रूप पूर्णपणे सोडता येते म्हणूनच पुढचे पूर्णपणे घेता येते. आणि सोडण्याची ही क्षमता ज्याच्यात आहे त्याच्यावर नक्कल स्वभाव बनून बसत नाही. प्लेटोने घेण्याचा विचार केला, सोडण्याचा केला नाही. प्रेक्षकांचे हसूही पुष्कळदा वाक्यावर फुटत नाही, ते या वळणावर फुटते, ही गोष्ट एकपात्री प्रयोग लक्षपूर्वक पाहणाऱ्या कोणालाही पडताळून पाहता येईल.

चित्रपटातल्या बहुरूपाशी तुलना केली म्हणजे या फटीचे महत्त्व अधिक कळते. अमेरिकेतील एडी मर्फी हा नट १९८० ते १९८४ या काळात ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमातून पुढे आला आणि नंतर चित्रपटांत गेला. १९८८ च्या ‘कमिंग टू अमेरिका’त आणि विशेषतः १९९६ च्या ‘द नटी प्रोफेसर’मध्ये त्याने अनेक भूमिका केल्या. दुसऱ्या चित्रपटातील एका प्रसंगात क्लम्प नावाच्या कुटुंबातील आई, बाप, आजी, भाऊ आणि नायक एकाच जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले दिसतात आणि ही सगळी माणसे मर्फीच असतो. रंगभूषाकार रिक बेकर आणि डेव्हिड लेरॉय अँडरसन यांना त्या कामासाठी ऑस्कर मिळाले. येथे आहार्य अभिनय सर्वस्व आहे आणि पाचही माणसे एकाच चौकटीत एकाच वेळी आहेत. एक भूमिका संपवून दुसरी घेण्यासाठी नटाला लागलेले रंगभूषेचे कित्येक तास संकलनाने कापून टाकलेले आहेत. फट उरलेली नाही. मर्फीचे कौशल्य असामान्य आहे यात शंका नाही, परंतु त्याच्या बहुरूपात रूपे दिसतात, रूप घेणारा दिसत नाही. तो आहे हे प्रेक्षकाला श्रेयनामावलीतून कळते. अमेरिकेतल्याच लिली टॉमलिन या अभिनेत्रीचा मार्ग देशपांडे यांच्या अधिक जवळचा होता. दूरचित्रवाणीवरील ‘लाफ-इन’ या कार्यक्रमातल्या टेलिफोन ऑपरेटरच्या भूमिकेने प्रसिद्ध झाल्यावर आणि चित्रपटांतही नाव कमावल्यावर तिने १९८५ साली ब्रॉडवेवर जेन वॅग्नर यांनी लिहिलेला एक एकपात्री प्रयोग केला, ज्यात ती वेश न बदलता अनेक बायका, पुरुष आणि मुले होत असे, आणि त्यासाठी तिला टोनी पुरस्कार मिळाला. पडदा तिला खुला होता, तरी रूप बदलताना दिसावे यासाठी तिला रंगमंचावर यावे लागले, हे विचार करण्याजोगे आहे.

मराठीत एकट्याने अनेक होण्याची परंपरा जुनी आहे. कीर्तनकार आख्यान लावताना राजा होतो, द्रौपदी होते, शंकासुरही होतो, पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली ती शहरी मध्यमवर्गीय घडणीची होती. लक्ष्मण देशपांडे यांचे खरे पूर्वज मात्र त्यांच्याच जिल्ह्यात, शहराच्या दक्षिणेला गोदाकाठी, पैठणला सापडतात. संत एकनाथ (१५३३–१५९९) यांनी देवगिरीच्या किल्ल्यावर, म्हणजे आजच्या दौलताबादला, जनार्दनस्वामींकडे शिष्यत्व केले, चतुःश्लोकीपासून भागवताच्या एकादश स्कंधापर्यंत प्रौढ ग्रंथरचना केली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि हेच पंडित भारुडांत वासुदेव झाले, जोशी झाले, गोंधळी, वाघ्या, मुरळी, भुत्या झाले, नवऱ्याला कंटाळलेली बाई झाले आणि महारही झाले. भारुड म्हणजे रूपकात्मक, पुष्कळदा विनोदी, सोंग घेऊन म्हणण्याची रचना. तिचा वरचा अर्थ हसवतो आणि आतला अर्थ देह, मन व मुक्ती यांविषयी बोलतो. अद्वैत शिकवायचे तर ते प्रवचनातून शिकवता आले असते. एकनाथांनी त्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाने बोलण्याचा मार्ग घेतला, कारण सर्वांत एकच आत्मा आहे हे विधान स्वतःच्या आसनावरून न उठता करणे सोपे असते, आणि ज्याच्याविषयी ते करायचे त्याच्या जागी उभे राहून, त्याच्या आवाजात, त्याच्या तक्रारीसकट करणे अवघड असते. ‘जोहार’ प्रकारच्या भारुडांत देहाला गाव कल्पून गावकामगार महार त्या गावाचा हिशेब सांगतो, आणि ज्ञान सांगणारा तोच असतो, ऐकणारे वरचे असतात. भारुडाने नकलेला दिशा दिली. नुसते दुसरे होणे पुरेसे नाही, कोण होणे आणि त्याच्या तोंडून काय बोलणे हे ठरवावे लागते, हा धडा त्यात आहे.

ही परंपरा पैठणच्या नाथषष्ठीपुरती उरली नाही. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे, ज्यांचे २०२१ मध्ये करोनाने निधन झाले, त्यांनी भारुड व्यावसायिक रंगमंचावर आणि दूरचित्रवाणीवर नेले, आणि व्यसन, स्वच्छता अशा विषयांवरही ते बोलके ठेवले. विद्यापीठातील नाट्यशिक्षण आणि गावातले भारुड यांच्यामध्ये अंतर मानण्याची सवय अभ्यासकांना आहे. संभाजीनगरच्या बाबतीत ती सवय सोडलेली बरी, कारण देशपांडे यांच्या एकपात्रीत वारंवार दिसते ते सोंगाचेच शास्त्र आहे.

सोंगाला हसू येते, आणि हसू हीच नीतीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक गोष्ट आहे. भरताने हास्यरसाचा स्थायी भाव, म्हणजे मनात कायम वसणारी मूळ वृत्ती, ‘हास’ सांगितला, त्याची देवता शिवाचे प्रमथगण आणि रंग पांढरा सांगितला, आणि हसण्याच्या सहा पायऱ्या लावल्या : स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. हा रस स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्यात अधिक आढळतो, असेही तो नोंदवून ठेवतो. ही श्रेणी सामाजिक श्रेणीशी इतकी जुळते की ती केवळ सौंदर्यशास्त्राची मानता येत नाही. प्लेटोने ‘फिलेबस’ या संवादात याच प्रश्नाची दुसरी कडा पकडली : स्वतःविषयीचे अज्ञान हा हास्याचा विषय असतो, परंतु दुबळ्याचे अज्ञान हास्यास्पद ठरते आणि बलवानाचे अज्ञान भयंकर, म्हणून विनोदातल्या सुखात मत्सराचे विष मिसळलेले असते. फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ यांनी १९०० साली हास्यावर लिहिलेल्या ग्रंथात असे मांडले की हसण्यासाठी हृदय तेवढ्यापुरते बधिर व्हावे लागते. ज्याची कीव येते त्याला हसता येत नाही.

‘वऱ्हाड’ पाहताना बर्गसाँ यांचा सिद्धान्त अपुरा वाटतो. विमानात पहिल्यांदा बसणाऱ्या खेडुताचे अज्ञान हा प्लेटोच्या व्याख्येप्रमाणे दुबळ्याच्या अज्ञानाला हसण्याचा शुद्ध नमुना आहे, आणि तरी त्या हसण्यात दुरावा नव्हता, कारण प्रेक्षागृहात बसलेल्या मराठवाड्यातल्या माणसाच्या घरात ती भाषा बोलणारी आई किंवा आजोबा असत. निजामी राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झालेल्या या प्रदेशाची बोली पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर तोपर्यंत क्वचितच तासन्‌तास ऐकू आली होती. त्या बोलीत ५२ माणसे बोलताना ऐकणे हा अनेकांसाठी स्वतःच्या घराचा पहिला जाहीर उच्चार होता, आणि त्यांचे हसणे ओळखीचे होते. पुण्यातल्या प्रेक्षकाचे हसणे तसेच होते का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्याच वाक्याला एका गावी ओळख म्हणून हसू येते आणि दुसऱ्या गावी गंमत म्हणून, आणि नटाला दोन्ही टाळ्या सारख्याच ऐकू येतात. दुसरी टाळी पहिलीला गिळू लागली की सोंग नमुन्यात बदलते.

नाट्यशास्त्राच्या शेवटच्या अध्यायात या धोक्याची एक कथा आहे आणि तिच्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. भरताचे पुत्र नाट्यविद्येच्या गर्वाने ऋषींची टिंगल करणारे प्रहसन सादर करतात. संतापलेले ऋषी त्यांना शाप देतात की तुमची विद्या नष्ट होईल आणि तुम्ही शूद्र व्हाल. देवांच्या मध्यस्थीने विद्या वाचते, परंतु नटांचा सामाजिक अधःपात कायम राहतो. ही कथा नटाच्या हीन मानल्या गेलेल्या दर्जाचे समर्थन म्हणून रचली गेली असणार. तिचा सरळ अर्थ असा होतो की वरच्यांना हसण्याची किंमत जातीत मोजावी लागते. खालच्यांना हसणाऱ्या नटाला शाप दिल्याची कथा मात्र त्या ग्रंथात नाही.

संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या संदर्भात ही कथा वाचताना १९७८ हे वर्ष डोळ्यांआड करता येत नाही. त्या वर्षीच्या जुलैमध्ये विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दलितांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ‘वऱ्हाड’चा जन्म याच काळातला, याच विद्यापीठाच्या परिसरातला. प्रेमळ, भोळे, भांडखोर पण शेवटी एकत्र निघणारे गाव रंगमंचावर उभे राहत होते तेव्हा प्रत्यक्षातली गावे गावकुसापाशी दुभंगलेली होती. याचा दोष एका नाटककारावर टाकणे अन्यायाचे होईल. लग्नाच्या वऱ्हाडाचे नाटक दंगलीचे नाटक असू शकत नाही. परंतु विनोदी ग्रामचित्रणाची सगळी मराठी परंपराच या प्रश्नापुढे उभी करावी लागते की अनेक माणसे होणाऱ्या नटाने कोणती माणसे होणे टाळले. एकनाथांनी सोळाव्या शतकात महाराच्या तोंडून बोलण्याचे धाडस केले. आंबेडकरी जलशांनी विसाव्या शतकात दुसऱ्याने आपल्या वतीने बोलण्याची वाट न पाहता स्वतःच सोंगे घेतली आणि विनोदाचे टोक सनातन्यांकडे वळवले. सर्वांत एकच आत्मा आहे या सिद्धान्ताची कसोटी हास्यनटाच्या पात्रयादीत लागते, आणि ५२ हा आकडा मोठा असला तरी तो गाव नव्हे.

नमुन्याचा धोका देशपांडे यांच्यानंतरच्या पिढीत अधिक उघड झाला. मराठवाड्याच्या मातीतून आणि औरंगाबादच्या नाट्यवर्तुळातून पुढे आलेले मकरंद अनासपुरे यांनी तीच बोली चित्रपटात नेली. ‘कायद्याचं बोला’ (२००५), ‘गाढवाचं लग्न’ (२००७), ‘दे धक्का’ (२००८), ‘गल्लीत गोंधळ, दिल्लीत मुजरा’ (२००९) या चित्रपटांनी ते महाराष्ट्रभर लोकप्रिय झाले. रंगमंचावर एका नटाने अनेक माणसे होण्याचा जो प्रश्न होता तो पडद्यावर उलटा झाला : अनेक चित्रपटांत एका नटाने एकच माणूस होत राहावे अशी मागणी येऊ लागली. वेदान्ताच्या भाषेत याला उपाधी म्हणतात, म्हणजे मूळ वस्तूला बाहेरून चिकटलेली अशी मर्यादा की जी वस्तूचाच गुण वाटू लागते. बोली ही अनासपुरे यांची ताकद होती. बाजाराने तिची उपाधी केली, आणि मराठवाडी बोलणे म्हणजे विनोदी बोलणे अशी समजूत पक्की होऊ लागली, जी त्या बोलीत शोक करणाऱ्या, प्रेम करणाऱ्या आणि न्यायालयात साक्ष देणाऱ्या लक्षावधी माणसांवर अन्याय करणारी आहे. अनासपुरे यांनी ही चौकट ओळखली असावी असे त्यांच्या पुढच्या कामावरून वाटते. २०१५ च्या दुष्काळात त्यांनी नाना पाटेकर यांच्याबरोबर ‘नाम फाउंडेशन’ स्थापन केले आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांपर्यंत मदत नेली. ज्या बोलीला लोक हसत होते ती बोली बोलणाऱ्या विधवेसमोर त्याच बोलीत हात जोडून उभे राहणे, हे कोणत्याही भूमिकेपेक्षा वेगळे रूपांतर होते, आणि त्यात हृदय बधिर करावे लागत नव्हते.

देशपांडे यांच्या मृत्यूनंतर ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ संपले नाही. मूळचे बीड जिल्ह्यातले नट संदीप पाठक यांनी ते हाती घेतले आणि त्याचे प्रयोग केले. एका आत्म्याने अनेक देह घेणे ही पुनर्जन्माची कल्पना परिचित आहे. येथे ५२ माणसांनी मिळून एक देह सोडला आणि दुसरा घेतला. प्लेटोच्या दृष्टीने येथे नव्या नटासमोर खरी अडचण उभी राहते. त्याने देशपांडे यांची नक्कल केली तर ती नकलेची नक्कल होईल, मुळापासून आणखी एक पायरी दूर. म्हातारी रुसलेली न दिसता देशपांडे म्हातारी रुसल्याचे दाखवत आहेत असे दिसेल. ज्यांनी मूळ प्रयोग पाहिला आहे ते प्रेक्षक तर तेच मागत असतात. त्यातून सुटण्याचा मार्ग एकच : देशपांडे यांनी ज्या माणसांकडून ते बाक, त्या पट्ट्या, ते थांबणे उचलले, त्या माणसांकडे नव्या नटाला पुन्हा जावे लागते. ती माणसे मात्र १९७० च्या दशकातल्या मराठवाड्यातली होती. आता त्याच गावांतली मुले पुण्याच्या कंपन्यांत आणि परदेशांत नोकरी करतात, विमानाचे तिकीट मोबाईलवर काढतात, आणि घरची बोली शहरात पोचताच आवरून घेतात; लंडनचे अप्रूप उरलेले नाही आणि बोलीचा संकोच मात्र वाढला आहे. त्यामुळे आजच्या नटाला त्या पात्रांचे अज्ञान हसवण्यासाठी फारसे उपयोगी पडत नाही. त्याला त्यांच्या बोलण्यातला निःसंकोचपणा शोधावा लागतो, ज्या निःसंकोचपणाने ती माणसे परक्या मुलखात, परक्या भाषेच्या माणसांसमोर, आपल्याच आवाजात मोठ्याने बोलत होती.